पोटातले निरोप

(स्नेहमेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे वाढवले आहे.)



संयोजकांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा एकच अट घातली. नोकरीचं पुराण नको, आणि आठवणींवर आधीच चार जण बोलणार आहेत, तेव्हा तू काहीतरी वेगळं आण. मी काम करते संगणकात. पण काही वर्षांपूर्वी आमच्या गटाकडे पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम आलं. त्या नोंदींत घोडा, कुत्रा, डुक्कर यांच्या नावापुढे 'जठरव्रण', म्हणजे आपण ज्याला अल्सर म्हणतो तो, इतक्यांदा यायचा की मला प्रश्न पडला. घोडा कुठे मिसळ खातो? त्याला कुठे गृहकर्जाचे हप्ते आहेत? मग त्याच्या पोटात जखमा का होतात? तिथून वाचत गेले. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. आपल्या वर्गातले दोन डॉक्टर समोरच बसले आहेत. माझं काही घसरलं तर त्यांनी खुशाल हात वर करावा.

हा विषय आजच का, तेही सांगते. सकाळच्या चहाला आमच्या टेबलावर आठ जणी होतो. मी सहज विचारलं, ॲसिडिटीची गोळी कुणाच्या पर्समध्ये आहे? पाच पाकिटं निघाली. तिघींकडे गुडघ्याची किंवा कंबरेची वेदनाशामक गोळीही होती. दुकानातून स्वतःच आणलेली, 'चालू आहे बरीच वर्षं' अशी. म्हणून आज पोटाबद्दल बोलणार आहे.

पचनसंस्थेची आकृती काढून भागांना नावे द्या, हा प्रश्न आपण किती वेळा सोडवला! अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड, लहान आतडं, मोठं आतडं. नावं बरोबर, बाण सरळ, की पूर्ण गुण. त्या आकृतीत पोट म्हणजे एक नळ आणि त्याला जोडलेल्या पिशव्या. पण या पिशव्या एकमेकींशी सतत बोलत असतात आणि त्या बोलण्यावर सगळं चालतं, हे आकृतीत काढता येत नाही. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनाही ते १९०२ सालापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या काळी पचनाच्या बाबतीत रशियाच्या इव्हान पावलोव्ह यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर असा प्रयोग होई: कुत्रा खातो, पण अन्न गळ्यापाशी केलेल्या छिद्रातून बाहेर पडतं, जठरात पोहोचतच नाही. तरीही जठरात रस पाझरायला लागतो. जठराकडे जाणारी व्हेगस ही नस कापली की तो थांबतो. म्हणजे तोंडातली चव मेंदूला कळते, आणि मेंदू नसेमार्फत जठराला कामाला लावतो. आत्ता मंडपामागून मसालेभाताचा वास येतो आहे ना? तुमच्या पोटात हेच चाललं आहे. पावलोव्ह यांना या संशोधनासाठी १९०४ साली नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की पोटातले सगळे हुकूम नसांमधूनच जातात.

लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे दोघे मेहुणे एकत्र काम करत. स्टार्लिंग यांची बहीण बेलिस यांना दिलेली. जानेवारी १९०२ मध्ये त्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा घेतला, त्याच्याकडे जाणाऱ्या नसा तोडल्या, फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या, आणि त्यात सौम्य आम्ल घातलं. नसा नाहीत म्हणजे निरोप जायला नको. पण स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग त्यांनी आतड्याचं आतलं अस्तर खरवडलं, आम्लात घोटलं, गाळलं आणि तो अर्क रक्तात टोचला. पुन्हा स्वादुपिंड पाझरलं. निरोप रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं. अशा निरोप्यांसाठी १९०५ साली स्टार्लिंग यांनी 'हॉर्मोन' हा शब्द वापरला. मूळ ग्रीक, अर्थ 'चेतवणारा'. आपण त्याला पुस्तकात संप्रेरक म्हणून शिकलो.

संप्रेरक म्हटलं की आपल्याला थायरॉइड किंवा इन्सुलिन आठवतं. पण ज्याच्यापासून ही सगळी विद्या सुरू झाली तो निरोप्या आतड्यात सापडला, आणि त्याचं काम आम्ल आवरण्याचं होतं. जठरातून आम्ल आतड्यात उतरलं की सिक्रेटिन निघतं, स्वादुपिंडाकडून क्षारयुक्त रस मागवतं, आणि आतडं भाजण्याच्या आत आम्ल शमतं. जठरात वर आणखी आम्ल बनवणंही ते कमी करतं.

मग आम्ल बनवायला सांगणारा कोण? १९०५ साली लंडनमध्येच जॉन एडकिन्स यांनी मांजरांवर प्रयोग केले. जठराचा आतड्याकडचा जो खालचा भाग, त्याच्या अस्तराचा अर्क रक्तात टोचला की जठरात आम्ल वाढतं, असं त्यांना दिसलं. त्यांनी नाव दिलं गॅस्ट्रिन. पण पुढे हिस्टामिन सापडलं. तेही आम्ल वाढवतं, आणि ते शरीरात जवळपास सगळीकडे असतं. लोक म्हणाले, एडकिन्सच्या अर्कात हिस्टामिनच असणार, गॅस्ट्रिन वगैरे काही नाही. एडकिन्स १९४० साली वारले, तेव्हाही वाद मिटला नव्हता. अखेर १९६४ साली लिव्हरपूलमध्ये ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरांतून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळं काढलं. १७ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. मांजरावरच्या पहिल्या प्रयोगापासून ५९ वर्षांनी.

आणि शेवटी निघालं काय, तर दोन्ही बाजू बरोबर होत्या. गॅस्ट्रिन रक्तातून जठराच्या वरच्या भागात जातं. तिथे काही खास पेशी आहेत. त्या गॅस्ट्रिनचा निरोप मिळाला की हिस्टामिन सोडतात, आणि हिस्टामिन शेजारच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींना चालू करतं. मुख्य कार्यालयातून पत्र येतं आणि शिपाई ते टेबलावर नेऊन देतो, तसं. ब्रिटनच्या जेम्स ब्लॅक यांनी १९७२ साली या शिपायालाच दारात अडवणाऱ्या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यातून सिमेटिडिन हे औषध आलं, आणि अल्सरसाठी होणाऱ्या शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं.

आता माझ्या धंद्यातला माणूस लगेच विचारेल: चालू करणारं बटण कळलं, बंद कोण करतं? तुमच्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाणी चढतं, तरंगता गोळा वर येतो, नळ बंद होतो. तो गोळा अडकला तर काय होतं हे सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. जठरात हा बॉलकॉक म्हणजे सोमॅटोस्टॅटिन नावाचं संप्रेरक. आम्ल पुरेसं तीव्र झालं, पीएच साधारण ३ च्या खाली गेला, की गॅस्ट्रिनच्या पेशींशेजारच्याच पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात, आणि गॅस्ट्रिन थांबतं. शिवाय आतड्यात स्निग्ध पदार्थ पोहोचले की तिथूनही 'जरा सबुरीनं' असा निरोप वर जातो. कोसाका आणि लिम यांनी १९३० साली पेकिंगमध्ये तो कुत्र्यांवर दाखवून दिला. म्हणजे एक चालू करणारा, आणि थांबवणारे दोन-तीन. निसर्गाने ब्रेकवर जास्त खर्च केला आहे, आणि व्रणांची गोष्ट बरीचशी या ब्रेकचीच आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९२३ साली मान आणि विल्यमसन यांनी कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया केली. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस जठराजवळ पडतो, तो त्यांनी आतड्यात खूप खाली नेऊन सोडला, आणि जठर थेट पुढच्या आतड्याला जोडलं. बहुतेक सगळ्या कुत्र्यांना त्या जोडाच्या लगेच पुढे व्रण झाला. बाहेरून आम्ल ओतलं नव्हतं, खाण्यात तिखट नव्हतं. आम्ल शमवणारी सोय तेवढी जागेवरून हलली होती.

याच्या उलट बाजू १९५५ साली झोलिंजर आणि एलिसन या अमेरिकन शल्यविशारदांनी दाखवली. त्यांच्या दोन रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा पुन्हा व्रण होत होते, आणि दोघांच्याही स्वादुपिंडात गाठ होती. पुढे कळलं की अशी गाठ गॅस्ट्रिन बनवते. जठरातल्या बॉलकॉकचं ती काही ऐकत नाही, कारण ती त्या टाकीतली नाहीच. हाच आजार क्वचित कुत्र्यामांजरांतही आढळतो. आमच्या नोंदींसाठी त्याचा वेगळा रकाना करावा लागला होता, म्हणून मला माहीत.

आता ज्याच्यामुळे मी यात शिरले त्या घोड्याकडे येते. आपलं जठर मुख्यतः जेवणाच्या वेळी जोर धरतं. घोड्याचं जठर रात्रंदिवस आम्ल बनवत राहतं, कारण कुरणातला घोडा जवळजवळ दिवसभर चरत असतो. पोटात गवत असतंच, आणि चघळताना येणारी लाळ आम्ल शमवते. लाळ मात्र चघळलं तरच येते. त्याच घोड्याला तबेल्यात बांधा, दोन वेळा दाण्याचा खुराक द्या, मधले तास उपाशी ठेवा आणि पहाटे पळवा. जठराच्या वरच्या साधारण एक तृतीयांश भागाला आम्लापासून वाचवणारा बुळबुळीत थर नसतो. पळताना पोट आवळतं आणि आम्ल तिथपर्यंत उसळतं. शर्यतीच्या घोड्यांची दुर्बिणीने तपासणी केली तेव्हा सरावात असलेल्या बहुतेक घोड्यांत व्रण दिसले. डुकरांना फार बारीक दळलेलं खाद्य दिलं तरी जठराच्या तोंडाशी अशाच जखमा होतात. जनावराचं पोट बिघडलेलं नव्हतं. त्याचं वेळापत्रक आपण बदललं होतं.

अजगराचं अगदी उलटं. बर्मी अजगर महिना महिना उपाशी राहू शकतो, आणि त्या काळात त्याच्या जठरात आम्ल जवळपास नसतंच. भक्ष्य गिळलं की आतड्यातली संप्रेरकं रक्तात उसळतात, आणि एक-दोन दिवसांत जठराचा पीएच ७ च्या आसपासून २ च्या खाली येतो. पचन संपलं की कारखाना पुन्हा बंद. वीज वाचवण्यात आमच्या कुठल्याही डेटा सेंटरपेक्षा हुशार.

आणि एक बेडूक होता. होता असंच म्हणावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये सापडणारी मादी आपली अंडी गिळायची आणि पिल्लं जठरात वाढवायची. तयार झालेली बेडकुळी तोंडातून बाहेर यायची. आई त्यांना पचवत कशी नव्हती? अंड्यांभोवतीचा चिकट पदार्थ आणि पिल्लं स्वतः प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं द्रव्य सोडत, आणि त्याने आईच्या जठरातलं आम्ल बंद होई. लेकरांचा आईला निरोप: 'आता थांब.' पिल्लं जठरात वाढवण्याची ही तऱ्हा १९७० च्या दशकात लक्षात आली. १९८१ नंतर तो बेडूक रानात कुणाला दिसला नाही. त्याच्या जातभाईचंही तेच झालं. आम्ल शमवण्याची एवढी अजब युक्ती पुरती समजून घेण्याआधीच तो गेला.

हे प्रोस्टाग्लँडिन आपल्याही जठरात असतं. गॅस्ट्रिनसारखं ते लांबचा प्रवास करत नाही, शेजारच्या शेजारी काम करतं. बुळबुळीत थर जाड ठेवतं, अस्तराला रक्त पोहोचवतं, आम्ल थोडं आवरतं. आणि ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या वेदना थांबवतात त्या प्रोस्टाग्लँडिन बनणं अडवूनच. ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी हे १९७१ साली शोधलं आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. गुडघ्यातलं प्रोस्टाग्लँडिन अडवायला घेतलेली गोळी जठरातलंही अडवते. तिला पत्ता वाचता येत नाही. घरातल्या कुत्र्याला माणसाची आयब्युप्रोफेनची गोळी मायेने दिली तर त्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी एवढं एक वाक्य घरी न्यावं.

माणसांत व्रणाचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी आधी डुकराच्या पिल्लांना त्याची लागण करून पाहिली, ती होईना, म्हणून १९८४ साली जंतूंचा पेला स्वतःच प्यायले. रॉबिन वॉरन आणि त्यांना २००५ साली नोबेल मिळालं. आपल्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की जठराच्या खालच्या भागात बसलेला हा जंतू सोमॅटोस्टॅटिन कमी करतो आणि गॅस्ट्रिन वाढवतो. तो बॉलकॉकलाच हात घालतो. जंतू औषधाने गेला की बहुतेकांचा व्रण परत येत नाही. म्हणून वर्षानुवर्षं नुसती ॲसिडिटीची गोळी घेण्याआधी हा जंतू आहे का हे एकदा तपासून घेणं शहाणपणाचं.

आता त्या पाच पाकिटांकडे. ओमेप्राझोल १९८८ साली बाजारात आलं, आणि पॅन्टोप्राझोल हे त्याचंच भावंड. ही औषधं आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करतात. उत्तम औषधं आहेत, त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण आम्ल कमी झालं की शरीर काय समजतं? 'निरोप पोहोचला नाही, पुन्हा पाठवा.' गॅस्ट्रिन वाढतं. १९८० च्या दशकात उंदरांना दोन वर्षं मोठ्या मात्रेत ओमेप्राझोल दिलं, तेव्हा हिस्टामिन सोडणाऱ्या त्या पेशी इतक्या वाढल्या की काही उंदरांत गाठी झाल्या. दोष औषधाचा की गॅस्ट्रिनचा? गॅस्ट्रिन बनवणारा जठराचा भाग आधीच काढून टाकलेल्या उंदरांत पेशींची ती वाढ झाली नाही. म्हणजे कारण होतं गॅस्ट्रिन. हे घाबरवायला सांगत नाही. माणसात गॅस्ट्रिन तेवढं चढत नाही, आणि औषध कोट्यवधी लोकांनी घेतलं आहे.

पण त्याची सौम्य आवृत्ती आपल्यात घडते. २००९ साली डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर एक अभ्यास झाला. कुणालाही ॲसिडिटी नव्हती. निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली, निम्म्यांना खोटी गोळी. मग बंद केली. पुढच्या आठवड्यांत खरी गोळी घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट वर येणं असा त्रास झाला. खोटी घेतलेल्यांत १५ टक्के. माझ्या भाषेत सांगायचं तर, काम अडलं म्हणून कंपनीने जादा माणसं भरली, आणि नंतर दार उघडल्यावर सगळी एकदम कामाला लागली. बाई काय म्हणतात? 'बघ, गोळी सोडली की लगेच त्रास, म्हणजे मला ती लागतेच.' तो त्रास आजाराचा असेलही. पण तो गोळी एकदम सोडल्याचाही असू शकतो, आणि तसा असेल तर काही आठवड्यांत ओसरतो.

म्हणून माझी विनंती तीन ओळींची. जी गोळी का चालू आहे हे तुम्हाला आठवत नाही, तिचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, 'ही कधीपर्यंत?' परस्पर एकदम बंद मात्र करू नका. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांना ती बहुधा मुद्दाम सोबत दिलेली असते. दुसरं, वेदनाशामक दुकानातून स्वतः आणून रोज घेऊ नका, विशेषतः साठी ओलांडलेल्यांनी. तिसरं, जेवणाआधी सांगायला नको, पण सांगते: शौच डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा कारण नसताना वजन उतरू लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाई आणि सर, हे मी सगळ्यात जास्त तुमच्यासाठी बोलले. तुमच्यापैकी तिघांनी सकाळी पायऱ्या चढताना गुडघ्याला हात लावला आणि 'गोळी घेतली आहे, चालेल' म्हणालात. कुठली गोळी, किती दिवस, आणि सोबत आणखी काय, एवढं आज निघण्याआधी आपल्या त्या दोन डॉक्टरांना सांगा. त्या दोघांना मी विचारलं आहे, जेवणानंतर ते ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहेत. आणि मैत्रिणींनो, ती पाच पाकिटंही तिकडेच घेऊन या.